खटका बसला का? मल्टिटूल चाकू वापरताना या चुका टाळा

गुंजवण्यातून राजगड चढायला सुरुवात करणार, तेवढ्यात मित्राच्या सँडलचा पट्टा उसवला. एक भोक पाडून दोरी ओवली असती तर काम भागलं असतं. माझ्या खिशात लाल मुठीचा स्विस चाकू होता. त्याच्या पाठीला एक टोच्या असतो. तो उघडला, पट्टा गुडघ्यावर दाबून धरला आणि दिला जोर. पट्टा होता तसाच राहिला. टोच्या मात्र सांध्यातून उलटा फिरला आणि माझ्या तर्जनीच्या मधल्या पेरावर येऊन बसला. टोच्याची एक कड धारदार असते, हे मला चाकू घेतल्यापासून चौथ्या वर्षी कळलं. बाकीचे चोरदरवाज्याने वर गेले. मी बोटाला रुमाल गुंडाळून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला खाली आलो.

चाकूचा दोष शून्य. तो खटक्याचा चाकू नव्हताच, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर पक्कं अडकवणारं लॉक त्याला नव्हतं, आणि मी तो खटक्याचा असल्यासारखा वापरला. नंतर तीच सँडल आमच्या चौकातल्या चांभारकाकांनी आरीने पाच मिनिटांत शिवून दिली. त्यांच्या आरीची मूठ लाकडाची, सळई आरपार, सांधा नावाची गोष्टच नाही. जोर देऊन टोचायचं हत्यार असं असतं.

त्यानंतर ट्रेकच्या ग्रुपमधले बरेच चाकू माझ्या हातून गेले. कुणाचा अडकलेला, कुणाचा डुगडुगणारा, कुणाचा "अरे, हा बंदच होत नाही" म्हणून माझ्यापुढे टाकलेला. बिघाड थोडे होते, गैरसमज जास्त. आणि बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच: आपल्या चाकूचं पातं उघडं राहतं ते कशाच्या बळावर, हे मालकालाच माहीत नसतं.

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे ९१ मिलिमीटरचे नेहमीचे लाल चाकू घ्या. कंपनीचा संस्थापक कार्ल एल्सेनरने १८९७ साली जो ऑफिसर चाकू नोंदवला, त्याच घराण्यातले हे. यांत पातं धरून ठेवते ती पाठीकडची स्प्रिंग. पात्याच्या बुडाला सपाट कड असते, उघडल्यावर स्प्रिंग त्या कडेवर दाबून बसते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून लोकांना वाटतं, लॉक झालं. तसं काही होत नाही. स्प्रिंग फक्त अडवून धरते. पाठीकडून पुरेसा जोर आला की ती वाट देते, आणि पातं मिटतं ते नेमकं जिथे तुमची बोटं असतात तिथे.

याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंपैकी अनेकांत, २००८ साली स्विस सैन्याने निवडलेल्या चाकूतसुद्धा, खरा खटका असतो. मुठीच्या आतल्या पत्र्याची एक पट्टी कापून आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती आडवी सरकते आणि पात्याच्या बुडामागे उभी राहते. याला लायनर लॉक म्हणतात. ओपिनेलच्या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूला गोल कडं असतं, १९५५ पासून. ते हाताने फिरवावं लागतं, म्हणजे विसरता येतं. आणि बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरचा दांडा दाबल्याशिवाय पातं सुटत नाही. तुमचा चाकू यांपैकी कोणता, हे आत्ता उघडून बघा. पातं उघडल्यावर त्याच्या बुडामागे काही सरकून आडवं आलेलं दिसलं नाही, दाबायला काही सापडलं नाही, तर तुमच्याकडे खटका नाही.

बिनखटक्याचा चाकू धोकादायक असतो असं नव्हे. माझ्या मते रोजच्या कामाला तोच बरा, कारण तो हाताला शिस्त लावतो. हिशेब फक्त दिशेचा आहे. धार खाली दाबून सफरचंद कापताना तुमचा जोर पात्याला आणखी उघडायच्या बाजूने ढकलतो, तेव्हा तो मिटूच शकत नाही. उलटा जोर येतो तो तीन प्रसंगी: टोक खुपसताना, अडकलेलं पातं वर उचकटताना, आणि ओल्या लाकडात करवत अडकल्यावर तिला हिसके देताना. खोक्याची जाड चिकटपट्टी टोकाने फोडायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती या चाकूला चालत नाही. पट्टीवर धार तिरकी ठेवून ओढा. करवत अडकली तर तिला वर उचलू नका, आली त्याच रेषेत सरळ मागे घ्या. टोच्याने भोक पाडायचंच असेल तर वस्तू लाकडाच्या तुकड्यावर ठेवा, बोटं टोच्याच्या मिटण्याच्या वाटेतून बाहेर काढा आणि हलक्या दाबाने गोल फिरवत जा. खुपसू नका.

आता खटक्याच्या चाकूंकडे, कारण इथल्या चुका जास्त फसव्या असतात.

पहिली म्हणजे अर्धा बसलेला खटका. पातं हळूच उघडलं किंवा आत कचरा असला, तर ती पट्टी बुडाच्या फक्त कडेला टेकते. दिसायला सगळं ठीक, पण जरा पीळ बसला की निसटते. उघडल्यावर चाकू डोळ्यांसमोर आडवा धरून पट्टी कुठे आली ते बघावं. बुडाच्या रुंदीच्या साधारण पाव ते अर्ध्या भागावर ती आलेली असली म्हणजे छान. जेमतेम कडेला असेल तर आधी साफसफाई. बुड ओलांडून पार पलीकडच्या पत्र्याला टेकली असेल तर समजावं, झीज झाली, या चाकूकडून आता जोराचं काम घ्यायचं नाही.

तपासायची पद्धतही सांगतो, कारण टेबलाच्या कडेवर पात्याची पाठ ठोकून "बघ, कसा पक्का आहे" म्हणणारे मी पाहिलेत. त्या ठोकण्यानेच खटका खराब होतो. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, मुठीच्या फटीसमोर एकही बोट नको. पात्याची पाठ रबरी चपलेवर टेकवा आणि सावकाश दाबा. हलला नाही तर पुरे.

दुसरी चूक बंद करताना होते, आणि मला भेटलेल्या कापलेल्या बोटांपैकी निम्मी तरी इथली. लायनर लॉक सोडवायला अंगठ्याने पट्टी बाजूला दाबावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी तो अंगठा पात्याच्या वाटेत असतो! सिनेमातल्यासारखं एका हाताने मिटवायला गेलं की रक्त. दोन हात वापरा. अंगठ्याने पट्टी दाबा, दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून ते थोडंसंच मिटवा, इतकं की पट्टी परत मागे येऊ शकणार नाही. तिथे थांबा. अंगठा काढा. मग तळहाताने पाठीवरून ढकलून मिटवा. मधलं ते थांबणं महत्त्वाचं. डावखुऱ्यांना बहुतेक लायनर लॉक उलटे पडतात, त्यांनी विकत घ्यायच्या आधी दुकानातच दहा वेळा उघडबंद करून बघावं. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

पकडवाल्या मल्टिटूलची गोष्ट थोडी वेगळी. टिम लेदरमनने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या मल्टिटूलला आतल्या हत्यारांसाठी खटके नव्हते. १९९८ मध्ये आलेल्या त्याच्याच वेव्ह नावाच्या मॉडेलमध्ये चाकूची पाती बाहेरच्या बाजूला आली, पकड मिटलेली असतानाच एका हाताने उघडणारी आणि खटक्याची. आता गंमत अशी की नवं मॉडेल वापरून सवय झालेला माणूस वडिलांचं किंवा काकांचं जुनं हातात घेतो आणि तोच भरवसा त्याच्यावरही ठेवतो. आणखी एक: पकडीने घट्ट नट फिरवताना पकड घसरली की दोन्ही मुठी एकदम मिटतात आणि तळहाताची कातडी मध्ये चिमटते. आंघोळीच्या गिझरचा नट अशा वेळी पान्यानेच खोलावा. मल्टिटूल हा पान्याचा पर्याय नाही, पाना घरी राहिला असेल तेव्हाची सोय आहे.

खटका बसत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या एका चाकूचं कारण मला शेवटपर्यंत लक्षात राहील. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झाली होती. उघडून ठेवला, ओलं गंध लावलं, वर हळद-कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मिटवून खिशात. गंधाचं पाणी सांध्यात मुरलं, कुंकवाचा लगदा पट्टीच्या वाटेत वाळून घट्ट बसला. पूजा करू नका असं मी कुठे म्हणतोय? मिटलेल्या चाकूच्या मुठीवर बोट टेकवा, देवीला चालतं.

एरवीचा कचरा म्हणजे खिशातला लिंटचा बोळा, आंब्याचा रस आणि सिंहगडावरची लाल माती. उपाय सगळ्यांना एकच. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, चाकू त्यात बुडवून प्रत्येक हत्यार आठ-दहा वेळा उघडबंद करा, सांध्यात जुना टूथब्रश फिरवा, कोपऱ्यात टूथपिक. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत चाकू "वाळला असेल" असं गृहीत धरू नये, सगळी पाती अर्धी उघडून पंख्याखाली तासभर ठेवावा. स्टेनलेस म्हणजे गंज न लागणारं नव्हे, उशिरा लागणारं.

त्यानंतर तेल. आणि इथे आपलं घराघरातलं खोबरेल घोटाळा करतं. उन्हाळ्यात घातलेलं खोबरेल छान वाहतं. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची पहाट त्याहून कितीतरी थंड असते. सकाळी सहाला पायथ्याशी चाकू उघडायला जावं तर तो पेंगतोय. शिवाय वर्षभरात तेल खवट होऊन चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल आणा, रविवार पेठेत कुठेही मिळतं. सांध्यात एक थेंब, उघडबंद, जास्तीचं पुसून टाका. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नावातच त्याचं काम आहे: डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. अडकलेला सांधा सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून ते फार टिकत नाही.

तेल सांध्यात, खटक्याच्या तोंडावर नाही. पट्टी जिथे पात्याच्या बुडाला टेकते ती जागा कोरडी हवी, नाहीतर ती घसरते. उलट तक्रारही येते: पट्टी इतकी चिकटते की अंगठा दुखेपर्यंत दाबली तरी सुटत नाही. तेव्हा बुडाच्या त्या तोंडावर शिसपेन्सिलीच्या चार रेघा ओढा. ग्राफाइटने ती सुटी होते. पुन्हा चिकटली तर पुन्हा ओढा.

पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर आधी स्क्रू आहे की रिव्हेट ते बघा. स्क्रू असेल तर पाव वळसा आवळा, पातं हलतंय का बघा, मग पुढचा. एकदम आवळलं तर उघडणारच नाही. रिव्हेटचा चाकू हातोडीने ठोकू नका. एका बाजूने ठोकलं की मूठ फाकते आणि दुसरंच हत्यार अडकायला लागतं. त्यापेक्षा कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवा. फुटपाथवरच्या अकरा-इन-वनला मात्र दुरुस्ती नाही. त्यातली पट्टी इतक्या पातळ पत्र्याची असते की मी तिला खटका म्हणत नाही, शोभा म्हणतो.

धारेचं सांगितलं नाही तर आमचा गल्लीतला धारवाला रागावेल आणि सांगितलं तरी रागावेल. सायकलवरच्या चाकावर तो घरातल्या विळ्या-सुऱ्या झकास लावून देतो. मल्टिटूलचं पातळ पातं मात्र त्या चाकावर क्षणात तापतं, टोकाजवळ निळसर झाक येते, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे चाक बुडाजवळ गेलं तर खटक्याची बैठकच घासली जाते. घरी बारीक दगडावर, पंधरा-वीस अंशांच्या कोनात, दोन्ही बाजू सारख्या. दहा मिनिटांचं काम.

आजी म्हणायची, रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात. चाकू हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावा, दुसऱ्याने उचलावा. भांडणाचं मला माहीत नाही. पण मीटिंगमध्ये बसून खटकन् उघड, खटकन् मिट करणाऱ्यांचे खटके लवकर झिजतात, आणि बिनखटक्याचा उघडा चाकू हातात घेताना तो मिटतो, हे दोन्ही मी पाहिलंय.

बाळगण्याबद्दल थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, खिशातलं तीन इंची पातं त्यात मोडत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा गर्दीत चाकू घेऊन फिरू नये. गणपती बघायला जाताना त्याचं काही काम नसतं. आणि लोहगावला विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्रीच तो चेक-इनच्या बॅगेत टाका. ट्रेकच्या सॅकचा वरचा छोटा कप्पा, टॉर्चच्या खाली. तिथेच तो राहून जातो, आणि तपासणीच्या पट्ट्यावर सॅक थांबली की मग आठवतं.