आडसालीचं बेणं: फुकट मिळतंय म्हणून आणू नका

उसाच्या आडसाली लागणीचा हंगाम १५ जुलै ते १५ ऑगस्ट. म्हणजे बेण्याची, लावायच्या उसाच्या कांड्यांची, बोलणी त्याआधीच चालू होतात. "पावण्यांच्या खोडव्यातलं हाय, तोडून घेऊन जा म्हणालेत," हे कोल्हापूरच्या करवीर-कागल पट्ट्यात दरसाल कानावर येतं. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस. ते बेणं आणण्याआधी एकदा त्या फडात आत शिरून बघा.

शेंड्यातनं चाबकासारखा काळा फोक बाहेर आलाय का? ती काणी, बुरशीचा रोग. सुरुवातीला त्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला की काळी भुकटी वाऱ्यानं शिवारभर जाते. दुसरी खूण गवताळ वाढीची: बेटाला गवतासारखे बारीक, पिवळट-पांढरे फुटवे येतात आणि त्यांचा गाळपाचा ऊस होत नाही. दोन्ही रोग बेण्यातनं येतात आणि खोडव्यात जास्त दिसतात. म्हणून खोडव्याचं बेणं नकोच. पावणं रुसले तरी चालतील.

थोड्या रानाच्या माणसाला याचा फटका कसा बसतो बघा. समजा २० गुंठ्यांत ३० टन निघणार होते, काणीमुळं २४ निघाले. पाचवा हिस्सा गेला, एवढंच वाटतं. पण सोसायटीचं कर्ज, नांगरट, खत, पाणीपट्टी यातलं काहीच पाचव्या हिश्शानं कमी होत नाही. २० टनांचं बिल तिकडंच वळतं होत असेल, तर हातात पडायच्या १० टनांतले ६ गेले. मोठ्या बागायतदाराचं दुसऱ्या फडावर निभावतं. आपल्याला त्याच बिलावर वर्ष-दीड वर्ष काढायचं असतं, आणि पुढं त्याचाच खोडवाही राखायचा असतो.

बेणं घ्यायचं ते खास राखलेल्या बेणेमळ्यातलं, ९ ते ११ महिन्यांचं, लागणीचं. त्याचं मूळ बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवलेलं होतं का, हे विचारा. विचारायला लाजू नका. कारखान्याच्या शेती विभागात किंवा कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात चौकशी करता येते. रोपं घेणार असाल तर रोपवाटिकेलाही हाच प्रश्न. दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला.

लागणीआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) १० ते १५ मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. मग वेगळ्या पाण्यात, १०० लिटरला १० किलो अॅसेटोबॅक्टर (नत्र देणारं जिवाणू खत) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, अर्धा तास. वेळ वाचवायला दोन्ही एकाच बॅरलमध्ये कालवलं तर जिवाणूंवरचा खर्च पाण्यात जाऊ शकतो. आणि बुडवलं म्हणजे रोगट बेणं चांगलं झालं, असं समजू नका. कांडीच्या आतली काणी बाहेरच्या औषधानं पुरती जात नाही.

उभ्या उसात चाबूक दिसला तर नुसता कोयत्यानं उडवू नका, भुकटी अंगावर आणि शेजारच्या सरीत उडते. आधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून तोंड बांधा, हळू कापा, मग बेट मुळासकट उपटून जाळा. गवताळ बेटंही तशीच काढा. सरीसरीला काणी असेल तर खोडवा राखू नका. त्या रानात सोयाबीन किंवा भुईमूग करा. पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चाबूक परत डोकं काढतात, तेव्हा फडात आणखी एक फेरी मारा.