अपराजित संघाच्या पुढच्या सामन्याचे भाकीत कसे करावे

घरातले कोणी अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकायला गेले की त्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन पळण्याच्या खेळाचा) संघही आपला होतो, हे इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांना आता नवे राहिलेले नाही. संघाने पहिले सहा-सात सामने जिंकले की दर आठवड्याला पुढच्या सामन्याचे अंदाज सुरू होतात आणि प्रत्येक जण छाती पुढे काढून एकच सांगतो, की आपणच जिंकणार. सगळ्यांचे उत्तर एकच असेल तर त्याला भाकीत म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून कोण जिंकणार हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि प्रत्येकाकडून किती गुणांनी, एवढाच आकडा मागावा. हरण्याची शंका असेल तर तो आकडा उणे लिहावा.

हा आकडा काढण्यासाठी गुणांची रचना ठाऊक असावी लागते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन; त्याचे 6 गुण आणि त्यानंतरच्या किकचा 1, म्हणजे बहुधा 7. चेंडू लाथेने खांबांमधून मारला की फील्ड गोल, त्याचे 3. त्यामुळे सामने 3 किंवा 7 गुणांच्या फरकाने सुटण्याचे प्रमाण बरेच असते आणि 5 किंवा 9 चा फरक त्या मानाने क्वचित दिसतो. सामना बरोबरीत सुटत नाही, जादा वेळेत निकाल लागतोच. तेव्हा शून्य हा आकडा कोणी लिहू नये.

आता हिशेब. आपला संघ एका सामन्यात सरासरी किती गुण करतो आणि प्रतिस्पर्धी सरासरी किती गुण देतो, या दोन आकड्यांचा मध्य काढावा. मग उलट बाजूनेही तेच करावे. समजा, आपण 38 करतो आणि ते 24 देतात, तर आपले 31 धरावेत. ते 27 करतात आणि आपण 17 देतो, तर त्यांचे 22. फरक 9 आला. सामना आपल्या मैदानावर असेल तर त्यात सुमारे 3 मिळवावेत, त्यांच्या मैदानावर असेल तर तेवढेच वजा करावेत. मात्र सरासरी काढताना सप्टेंबरमधले सुरुवातीचे सामने वगळावेत, कारण मोठी विद्यापीठे त्या दिवसांत लहान विद्यापीठांच्या संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात आणि पन्नास-पन्नास गुणांनी हरवतात. अर्थात पाहुणे नेहमीच मुकाट्याने हरतात असे नाही. 2007 साली मिशिगनला ॲपलाचियन स्टेटने मिशिगनच्याच मैदानावर 34-32 असे हरवले होते.

एवढ्यावर थांबणाऱ्याचा आकडा बऱ्यापैकी येतो, पण अपराजित संघाच्या बाबतीत खरी मेहनत यापुढे आहे. हरलेल्या सामन्यांच्या रकान्यात शून्य दिसले की मागचे विजय कसे मिळाले हे कोणी पाहत नाही, आणि नेमके तेच पाहायचे असते. ओहायो स्टेट 2018 साली सात सामने जिंकून, क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर असताना पर्ड्यूच्या मैदानावर गेला आणि 49-20 असा हरला. त्याच्या तीनच आठवडे आधी त्याने पेन स्टेटवर 27-26 असा एका गुणाने विजय मिळवला होता. एका गुणाचा विजय तक्त्यात पूर्ण विजय म्हणून लागतो, पण भाकीत करणाऱ्याने तो बरोबरीच्या जवळपासच धरावा. तसेच विजयात प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेले चेंडू किती आपल्या पदरात पडले, तेही मोजावे. जमिनीवर सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हे बरेचसे नशिबावर असते आणि असे नशीब पुढच्या शनिवारी सोबत येईलच असे नाही. चेंडू धरून दहा-दहा यार्ड पुढे सरकत मिळवलेले गुण अधिक भरवशाचे.

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, कोण खेळणार, हे विचारल्याशिवाय तर आकडा लिहूच नये. फ्लोरिडा स्टेटचा 2023 चा हंगाम या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. जॉर्डन ट्रॅव्हिस हा त्यांचा क्वार्टरबॅक नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला; त्यानंतरही संघ फ्लोरिडाविरुद्ध 24-15 आणि लुईव्हिलविरुद्ध 16-6 असा जिंकला आणि 13-0, म्हणजे तेरा विजय व शून्य पराभव असा राहिला, पण गुणांचा झरा आटल्याचे त्या दोन आकड्यांतच दिसत होते. निवड समितीने चार संघांच्या अंतिम स्पर्धेतून त्याला वगळले, आणि ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात बरेच प्रमुख खेळाडू मैदानात नसताना जॉर्जियाने त्याला 63-3 असे लोळवले. समितीचा निर्णय अन्यायाचा होता असे माझे आजही मत आहे. भाकीत करणाऱ्याने मात्र हा राग वहीत उतरू देऊ नये.

एकदा हरवलेला प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला, तर पहिल्या निकालाला फार वजन देऊ नये. ओरेगॉनने ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या मैदानावर ओहायो स्टेटला 32-31 असे हरवले. पुढे 13-0 झालेला हाच संघ 1 जानेवारी 2025 रोजी रोझ बोलमध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याकडून 41-21 असा हरला. इंदूरकरांना अशा धक्क्याची सवय असायला हवी. इंदूरचा होळकर क्रिकेट संघ 1945-46 मध्ये बडोद्याला हरवून रणजी विजेता ठरला होता, आणि पुढच्याच अंतिम सामन्यात त्याच बडोद्याने, विजय हजारे आणि गुल महंमद यांच्या 577 धावांच्या भागीदारीच्या जोरावर, त्याला एक डाव आणि 409 धावांनी हरवले.

आकडे आठवणीवर न ठेवता वहीतच लिहावेत, कारण सामना संपल्यावर प्रत्येकाला आपण बरोबरच म्हटले होते असे वाटते. वहीत नाव, आकडा आणि एका ओळीत कारण एवढे तीन रकाने पुरतात. कारणाचा रकाना टाळू नये. "पोरं जोरात आहेत" हे कारण तिसऱ्या आठवड्यातही तसेच दिसले, की त्या गृहस्थांच्या आकड्यांचे काय होणार हे वहीच सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो आणि तिथला संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेली की दोन्हींत एक तास वाढवावा. म्हणून वही शनिवारी रात्री नऊला बंद करावी, आणि पहाटेच्या सामन्यासाठीही ती पुन्हा उघडू नये, नाहीतर रात्री उशिरा आलेली दुखापतीची बातमी वाचून एखादा आपला आकडा गुपचूप बदलतो.

निकालानंतर प्रत्येकाचा आकडा आणि प्रत्यक्ष फरक यांतले अंतर मांडावे. 12 गुणांचे भाकीत आणि 3 गुणांचा विजय असेल तर खात्यावर 9 चढतात. साखळीतल्या बारा सामन्यांअखेर ज्याच्या खात्यावर सर्वांत कमी बेरीज, तो जिंकला. पैशांची पैज अजिबात लावू नये. दर रविवारी ज्याचे अंतर सर्वांत मोठे, त्याने सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणावी, आणि पोह्यांवर शेव व जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) पुरेसे आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.