जीवशास्त्राची पदवी घेताय? हिशोबातल्या या चुका टाळा

"बायोलॉजी करून पुढे काय?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा प्रवेश घेऊन मोकळा झालेला असतो. मी याच विषयात शिकले, प्रयोगशाळेत काम केलं, आणि आता नव्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला बसते. विषयावर माझा जीव आहे म्हणूनच हे लिहितेय. ही पदवी घ्यावी, पण हिशोब करून घ्यावी, कारण ती महाग पडते ती फीमुळे कमी आणि हातातून गेलेल्या वर्षांमुळे जास्त.

फी म्हणजेच खर्च असं धरून चालणं

फी डोळ्यांना दिसते. त्या वर्षांत तुम्ही जे कमावू शकला असता, ते दिसत नाही. म्हणून कागद-पेन घेऊन बसा. चलन कुठलंही असू दे. पदवी न घेता मिळू शकणारा महिन्याचा पगार म्हणजे १ एकक धरा. तीन वर्षं शिकलात, म्हणजे ३६ एककं गेली. फी, पुस्तकं, घराबाहेर राहण्याचा जादा खर्च आणि कर्जाचं व्याज मिळून आणखी २४ धरू. झाले ६०. पदवीनंतर पगार दीडपट मिळाला, तर महिन्याला वरचं अर्धं एकक तुमच्या हाती पडतं. ६० भागिले अर्धा म्हणजे १२० महिने. पदवीवर घातलेलं सगळं भरून निघायला दहा वर्षं लागली.

आता पदवीनंतर एक वर्ष "बघू काय मिळतंय" यात गेलं असं धरा. खर्च ६० चा ७२ झाला आणि १२० महिन्यांचे १४४ झाले. एक वर्ष रिकामं गेलं आणि भरपाई दोन वर्षांनी लांबली. फीमध्ये सवलत मिळावी म्हणून घरचे चार ठिकाणी खेटे घालतात, ते योग्यच आहे. पण या रिकाम्या वर्षाबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणी चकार शब्द काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे दोन वर्षं पदव्युत्तर शिकायचं असेल तर? गेलेला पगार २४ आणि वरखर्च १६, म्हणजे एकूण १००. पगार सव्वादोनपट झाला तर सगळं ८० महिन्यांत वसूल, म्हणजे नुसत्या पदवीपेक्षा लवकर. पण पगार पावणेदोनपटच झाला तर १३३ महिने. कोर्स तोच, वर्षं तीच, निकाल उलटा. हे आकडे मी मानलेले आहेत. तुमचे खरे आकडे घाला आणि पुन्हा करा, अर्धा तास पुरतो.

हे आकडे शोधताना "बायोलॉजी पदवीधरांचा सरासरी पगार" उचलून घालू नका. त्या सरासरीत पुढे डॉक्टर झालेले, व्यवस्थापन शिकून कंपनीत वर गेलेले, वीस वर्षं नोकरी केलेले सगळेच असतात. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे फक्त ही पदवी, तुमचाच विभाग, बाहेर पडून एक-दोन वर्षं.

गणित टाळायला जीवशास्त्र घेणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते आणि सगळ्यात उशिरा कळते. जीवशास्त्रात गणित नसतं, ही समजूत मुळातच खोटी आहे. मेंडेलने वाटाण्याचे दाणे मोजले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. भागाकार २.९६ येतो, म्हणजे जवळजवळ तीनास एक. त्याच्याआधीही लोक झाडांचे संकर करत होते, पण इतक्या काटेकोरपणे मोजून त्या आकड्यांतून नियम काढणारा हा निराळा. तो व्हिएन्नामध्ये भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आला होता, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं आणि विसरलं जातं. आज आपण वापरतो त्या संख्याशास्त्राचा मोठा भाग तर शेतातल्या प्रयोगांतून उभा राहिला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाला आणि तिथल्या पिकांच्या नोंदींवर काम करता करता प्रयोगांची आखणी कशी करावी याचे नियम त्याने बांधले.

आजची गोष्ट तर विचारूच नका. जनुकांचा क्रम वाचणारं यंत्र रात्रीत जी माहिती ओकतं ती डोळ्यांनी वाचता येत नाही. तिला आर किंवा पायथनसारखी संगणकाची भाषा लागते. नुसत्या पदवीवर ज्यांना मी चांगल्या पगारावर लागलेलं पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांना संख्याशास्त्र येत होतं. म्हणून गणिताची भीती असेल तर ती पहिल्याच वर्षात मोडून काढा. शेवटच्या वर्षी ती मोडायला वेळ मिळत नाही.

गुण आले म्हणजे काम आलं असं समजणं

मुलाखतीत मी बफरवर, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणाऱ्या द्रावणावर, एक साधा प्रश्न विचारते. "दहापट तीव्रतेचा बफर बाटलीत आहे. मला एकपट तीव्रतेचा पाचशे मिलिलिटर करून द्या." एकदा समोर उत्तम गुणांची मुलगी होती. बफर म्हणजे काय, हे तिने सुरेख सांगितलं. मग कागदावर लिहिलं: ५० मिलिलिटर बफर, ५०० मिलिलिटर पाणी. झालं एकूण ५५०, आणि तीव्रता एकपट नाही, ०.९१. पाणी ४५० हवं होतं. तिला सूत्र पाठ होतं, पण तीन वर्षांत एकदाही तिने स्वतः द्रावण बनवलेलं नव्हतं. प्रॅक्टिकलला सगळं तयार मांडून ठेवलेलं असायचं.

मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन, त्याचंही तसंच. त्याच्या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ज्याने पिपेट क्वचित धरलंय तो ओढतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतो, टिपमध्ये हवं त्यापेक्षा जास्त येतं आणि पुढचा अख्खा प्रयोग बिघडतो. बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं की हा हात शिकलाय की नुसता बघत उभा होता.

त्यामुळे कॉलेज निवडताना इमारत बघू नका, हे विचारा: एका सूक्ष्मदर्शकामागे किती विद्यार्थी? पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र, विद्यार्थी स्वतः वापरतात की शिक्षक करून दाखवतात? कॅरी मुलिसने हे तंत्र १९८३ मध्ये सुचवलं आणि १९९३ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. आता ते इतकं रोजचं झालंय की पदवी संपेपर्यंत एकदाही हातून न होणं म्हणजे त्या विभागाने तुमची वर्षं घेऊन मोबदला दिला नाही.

परवान्याची चौकशी न करणं

जीवशास्त्राची पदवी आहे म्हणजे रुग्णांचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये काम मिळेल, असं अनेकजण धरून चालतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळी पात्रता किंवा नोंदणी लागते. शिकवण्यासाठीही बहुधा वेगळं प्रशिक्षण लागतं. जी नोकरी मनात आहे तिच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ प्रवेशाआधीच वाचा.

मोठ्या शोधांच्या बातम्यांवरून नोकऱ्यांचा अंदाज बांधणं

मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला, क्रिस्पर या तंत्राने जनुकं कापण्याच्या कामाला २०२० मध्ये नोबेल मिळालं, कोविडच्या एमआरएनए लशींमागच्या कामाला २०२३ मध्ये. हे वाचून माझंही मन भरून येतं. पण शोध मोठा झाला म्हणून त्या क्षेत्रात जागा तितक्याच वाढतात असं नाही.

याच एमआरएनएवर काम करणाऱ्या कातालिन कारिको यांची गोष्ट सगळे सांगतात: १९९५ मध्ये विद्यापीठाने पद उतरवलं, तरी त्या चिकटून राहिल्या आणि नोबेलपर्यंत पोहोचल्या. डग्लस प्रॅशर यांची गोष्टही तितकीच सांगितली पाहिजे. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांनी वेगळं काढलं, १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मग संशोधनाचा निधी संपला, तेव्हा त्यांनी ते जनुक इतर शास्त्रज्ञांना देऊन टाकलं. २००८ मध्ये त्या प्रथिनावरच्या कामाला नोबेल मिळालं, तेव्हा प्रॅशर अमेरिकेत एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. त्यांची बुद्धी कमी नव्हती, मेहनतही कमी नव्हती. निधी संपला, एवढंच.

म्हणून पीएचडी "पुढचं पाऊल" म्हणून आपोआप उचलू नका. ती सहज चार-सहा वर्षं घेते, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी, आणि कायमच्या जागा उमेदवारांपेक्षा खूप कमी. प्रश्नाने झोप उडवली असेल तर जरूर करा. पण विद्यावेतन नसेल तर करू नका, असंच मी सांगते. पदरचे पैसे घालून केलेली पीएचडी वरच्या हिशोबात कुठेच बसत नाही.

आधीच आत असाल तर

वैद्यकीयला प्रवेश नाही मिळाला म्हणून इथे आलेली मुलं पहिलं वर्ष हळहळण्यात घालवतात. त्यांना मी सांगते, पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे एका ठरलेल्या तारखेपर्यंत ठरवा आणि मग एका बाजूला या. दोन्हीकडे अर्धा पाय ठेवला की दोन्ही हुकतं.

दुसऱ्या वर्षात असाल तर सुट्टीत कुठल्याही प्रयोगशाळेत काम मागा, बाटल्या धुवायचं असलं तरी. रोजची नोंदवही लिहा: तारीख, काय केलं, काय चुकलं. पाण्याची तपासणी, औषध कंपनीतला गुणवत्ता विभाग, नव्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांचं समन्वयन, बियाणं, पर्यावरण सर्वेक्षण, पेटंट, वैज्ञानिक उपकरणांची विक्री आणि प्रशिक्षण, यांपैकी दोन वाटा निवडा आणि त्यांच्या जाहिरातींत वारंवार येणारं एक कौशल्य शिका. शेवटच्या वर्षात असाल आणि काही सुचत नसेल, तर नोकरी शोधणं टाळण्यासाठी पदव्युत्तरचा अर्ज भरू नका. आधी अर्ज नोकरीचे करा. नकार आले तरी काय कमी पडतंय ते कळतं, आणि पुढचा कोर्स त्यावरून निवडता येतो.

आणि तुमच्याच विभागातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाचजणांना फोन करा. पहिलं काम किती महिन्यांनी मिळालं, कशामुळे मिळालं, पगार कॉलेजबाहेर पडताना किती होता आणि आज किती, एवढंच विचारा. पाचांपैकी तिघं "अजून बघतोय" म्हणाले, तर रिकाम्या वर्षाचे ते १२ महिने तुमच्या कागदावर आत्ताच लिहा आणि भागाकार पुन्हा करा.