नाशिकच्या न्यायालयात कागद दाखल करताना या चुका टाळा

जुन्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरले की जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय ही दोन्ही आवारे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि पक्षकाराची पहिली चूक बहुधा या दोहोंपैकी कोठे जायचे हे ठरवतानाच होते. सातबारावरील फेरफार नोंदीबद्दलची हरकत महसूल अधिकाऱ्यांपुढे घ्यावी लागते. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जमिनीची मालकी, वाटप किंवा मनाई हुकूम हा दिवाणी न्यायालयाचा विषय आहे आणि तो दावा मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तेथेच दाखल होतो. सिन्नर किंवा निफाडच्या शेताचा दावा केवळ वकील नाशकात राहतात म्हणून नाशिकला दाखल करता येत नाही.

दाखल विभागात काढले जाणारे आक्षेप बहुतेक वेळा साधे असतात, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागतात. दाव्याच्या आणि कागदपत्रांच्या प्रती प्रत्येक प्रतिवादीमागे एक याप्रमाणे जोडलेल्या नसतात, पृष्ठांना क्रमांक नसतात, सत्यापनाखाली (मजकूर खरा असल्याच्या कथनाखाली) सही असते पण तारीख नसते. सातबारावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि दाव्यात तिसरे असेल, तर ‘उर्फ’ लावून ही विसंगती सुरुवातीलाच मांडावी. उलटतपासणीत ती निघाली की उत्तर देणे अवघड जाते. जुन्या वाटणीपत्राची मोडीतील प्रत असल्यास देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन सोबत जोडावे, कारण न वाचता येणारा कागद न्यायालयापुढे असून नसल्यासारखाच असतो.

प्रतिज्ञापत्राबाबत दोन गैरसमज आहेत. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक कागद घ्यावाच लागतो, असे मानून लोक विक्रेत्यापुढे रांग लावतात. वास्तविक राज्य शासनाने त्यावरील मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ केले आहे. दाव्यावरील न्यायालय शुल्क ही निराळी बाब असून ती चुकत नाही. दुसरे म्हणजे, घरूनच सही करून आणलेले प्रतिज्ञापत्र. शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर केलेली सही हाच त्या कागदाचा प्राण असतो, त्यामुळे सहीची जागा कोरी ठेवून यावे.

दावा दाखल झाला की काम संपले, असे समजणारे पक्षकार थोडे नाहीत. समन्स काढण्यासाठी भत्ता, म्हणजे बजावणीचे शुल्क, भरावा लागतो आणि तो न भरल्यामुळे समन्सची बजावणीच झाली नाही, तर दावा निकाली निघू शकतो. पत्ता लिहिताना नुसते ‘सिडको, नाशिक’ किंवा ‘मु. पो.’ एवढ्यावर भागवू नये. बेलिफाला घर सापडले नाही की समन्स परत येते आणि पुढची तारीख केवळ त्यासाठी खर्ची पडते.

सर्वांत महाग पडते ती मुदतीची चूक. समन्स मिळालेल्या प्रतिवादीने ३० दिवसांत आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात. निकाल लागल्यावर अनेकजण आधी नातेवाइकांशी, मग दुसऱ्या वकिलाशी सल्लामसलत करतात आणि मगच नकलेचा अर्ज देतात. प्रमाणित नक्कल तयार होण्यास लागलेला काळ मुदतीतून वजा होतो हे खरे. पण अर्जापूर्वी घालवलेले दिवस वजा होत नाहीत, आणि तयार झालेली नक्कल नक्कल विभागातच पडून राहिली तर तेही दिवस पक्षकाराच्याच खाती जमा होतात. म्हणून अपील करायचे की नाही हे ठरण्याआधीच, शक्यतो निकालाच्या दिवशीच, नकलेचा अर्ज द्यावा. मुदतीचा शेवटचा दिवस सुटीचा असेल तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल केलेले चालते. अपिलातील विलंब पुरेशा कारणासाठी माफ होऊ शकतो, मूळ दाव्यातील मात्र त्याप्रमाणे माफ होत नाही. कॅव्हेटचेही, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये यासाठी आधीच दिलेल्या अर्जाचेही, असेच विस्मरण होते: ते ९० दिवसच टिकते, त्यानंतर नवे द्यावे लागते.

मदत मागतानाही अपेक्षा नेमकी हवी. लिपिक किंवा शिरस्तेदार कोणता अर्ज कोठे द्यायचा, शुल्क किती, पुढची तारीख कोणती हे सांगू शकतात. अर्जात काय लिहावे किंवा दावा टिकेल का, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. ‘नवऱ्याचे उत्पन्न जास्त आहे’ म्हणून महिलेने मागे फिरण्याचे कारण नाही.

लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, पण त्या निवाड्याविरुद्ध अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, तारखा आणि गट क्रमांक शब्दशः वाचून पाहावेत, घाई कोणी कितीही केली तरी. आवारातून निघताना प्रकरणाचा १६ अक्षरांकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) वहीत उतरवून घ्यावा. ई-कोर्ट्स अॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, आणि केवळ तारीख विचारण्यासाठी पेठहून पहाटेची एसटी पकडावी लागत नाही.