आठव्या महिन्याची तयारी : दूरच्या आक्रमणाच्या वेळी सामान्य नागरिकाने काय करावे

एका देशाने दुसऱ्या देशावर उघड आक्रमण केले की हजारो मैलांवरच्या माणसालाही स्वस्थ बसवत नाही, आणि बसवू नयेच. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर चढाई केली तेव्हा आम्ही तेवीस जणांनी आठवड्याभरात एक गट उभा केला. पश्चिम युक्रेनमधल्या एका जुन्या वसतिगृहात विस्थापित कुटुंबांनी आसरा घेतला होता. तिथल्या जनरेटरचे डिझेल आणि एका परिचारिकेचा पगार दरमहा देण्याचे आम्ही कबूल केले. किती महिने, हे मात्र ठरवले नाही. मार्च आणि एप्रिलची रक्कम पूर्ण गेली, जूनची निम्मी गेली, ऑगस्टमध्ये चौघांनीच पैसे दिले आणि सप्टेंबरमध्ये कुणीच दिले नाहीत. लाजेपोटी आम्ही तिकडे काही कळवलेही नाही. १० ऑक्टोबरला युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर क्षेपणास्त्रांचा मोठा मारा सुरू झाला आणि पुढच्याच आठवड्यात तिथल्या व्यवस्थापक बाईंचे पत्र आले. संगणकाने भाषांतर केलेल्या त्या चार ओळींत तक्रारीचा एक शब्दही नव्हता. रक्कम उशिरा येणार आहे की येणारच नाही, तेवढे कळवा, कारण थंडीसाठीचे लाकूड याच आठवड्यात विकत घ्यावे लागेल, एवढेच त्यांनी विचारले होते. परिचारिका महिनाअखेरीसच काम सोडून गेली होती. युद्धाचा तो आठवा महिना होता. पुढे जे लिहीत आहे ते त्या पत्रामुळे लिहीत आहे. यातले बाकी सगळे विसरलात तरी आठवा महिना विसरू नका.

आधी प्रकरण समजून घ्यावे, आणि त्यासाठी दोन दिवस पुरतात. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई करते, आणि आमसभेच्या १९७४ च्या ठराव क्रमांक ३३१४ मध्ये आक्रमणाची व्याख्या दिलेली आहे. ही दोन्ही पाने मुळातून वाचावीत, कारण ‘दोन्ही बाजूंचे काहीतरी चुकलेच असेल’ असे म्हणणारा माणूस तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटणार आहे. शेजाऱ्यांमध्ये जुनी भांडणे असू शकतात, पण रणगाडे कोणी सीमेपलीकडे नेले या प्रश्नाचे उत्तर त्या भांडणांनी बदलत नाही. २ मार्च २०२२ रोजी आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या चढाईचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले, ५ देशांनी विरोधात दिले आणि ३५ तटस्थ राहिले. त्या तटस्थांमध्ये भारत होता. आपल्या सरकारने काय केले हे आधी ठाऊक असावे, म्हणजे पुढे पत्र लिहिताना नेमके काय मागायचे ते कळते.

बातम्यांबाबत एकच नियम पाळा. ज्या चित्रफितीने अंगावर काटा येतो ती एक दिवस कुणालाही पुढे पाठवू नका. ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरत राहिली आणि शेवटी खेळ तयार करणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला. ‘कीवचे भूत’ म्हणून गाजलेला, एकट्याने अनेक शत्रुविमाने पाडणारा वैमानिक ही दंतकथा असल्याचे युक्रेनच्या हवाई दलानेच एप्रिल २०२२ च्या अखेरीस सांगितले. ती कथा आपल्या बाजूची होती म्हणून आम्हीही ती उत्साहाने पाठवली होती, आणि नंतर खऱ्या अत्याचाराची बातमी सांगायला गेलो तेव्हा लोकांनी आम्हाला त्या वैमानिकाची आठवण करून दिली. खोटी गोष्ट पीडिताच्या बाजूची असली तरी तिची किंमत पीडितालाच मोजावी लागते. चित्र इंटरनेटच्या शोधयंत्रात टाकून ते पूर्वी कुठे आले होते ते पाहणे आणि किमान दोन स्वतंत्र वृत्तसंस्थांकडे तीच माहिती आहे का ते पाहणे, एवढे कष्ट प्रत्येकाला जमतात.

आता मदतीकडे येतो. कपडे, गाद्या, डबाबंद अन्न आणि घरातली उरलेली औषधे गोळा करू नयेत. समोरून लेखी मागणी आली असेल तरच वस्तू पाठवाव्यात, आणि तेव्हाही मागितल्या असतील तेवढ्याच. परक्या लिपीतली चिठ्ठी चिकटवलेली, मुदत संपत आलेली गोळ्यांची पाकिटे तिथल्या डॉक्टरला वापरता येत नाहीत. ती वेगळी काढायला आणि नष्ट करायला त्याचीच माणसे अडकतात. वाहतूक आणि सीमाशुल्क यांवर जो खर्च होतो त्यात अनेकदा तीच वस्तू जवळच्या देशात विकत मिळते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. खोक्यांवर, गाडीवर किंवा फलकावर लाल क्रॉसचे चिन्ह रंगवू नका. जिनिव्हा करारांनी ते चिन्ह सैन्याची वैद्यकीय पथके आणि रेडक्रॉस चळवळ यांच्यासाठी राखून ठेवले आहे. ज्याने त्याने ते वापरले तर ज्यांचे रक्षण त्या चिन्हाने व्हायचे त्यांचेच रक्षण दुबळे होते. त्याच कारणाने, दुर्बिणी, ड्रोन यांसारखे लष्कराच्या कामाचे सामान मानवतावादी मदतीच्या खोक्यांत कधीही मिसळू नये. सीमेवर एक खोके उघडले गेले की सगळा ट्रक अडकतो, आणि पुढच्या ट्रककडेही संशयाने पाहिले जाते.

पैसे पाठवायचे, आणि कुणाला पाठवायचे हे ठरवताना आठवा महिना डोळ्यांसमोर ठेवायचा. संस्थेची नोंदणी, प्रसिद्ध झालेले हिशेब, परदेशी रक्कम पाठवण्याचे आपल्या देशातले नियम ही चौकशी सगळेच करतात, तुम्हीही करालच. खरा फरक वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती किंवा संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था यांचे काम तुम्ही एकदाच पैसे दिले आणि पुन्हा दिले नाहीत म्हणून थांबत नाही. एका गावातले लहान आश्रयकेंद्र मात्र तुमच्या शब्दावर माणूस नेमते, डिझेलवाल्याशी वर्षाचा व्यवहार ठरवते आणि दुसऱ्या देणगीदाराला ‘आमची सोय झाली आहे’ असे सांगून मोकळे करते. म्हणून ज्यांना आठव्या महिन्याची खात्री देता येत नाही त्यांनी मोठ्या संस्थेला एकरकमी द्यावे. त्यात काहीही कमीपणा नाही. लहान केंद्राला शब्द द्यायचा असेल तर तो खाली सांगतो त्या पद्धतीने द्यावा, नाहीतर देऊ नये.

पद्धत अशी. गटातल्या प्रत्येकाला, सभेत नव्हे तर एकेकट्याला गाठून, नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तरी तू दरमहा किती देऊ शकशील, असे विचारावे. सभेत विचारले की माणूस शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठा आकडा सांगतो. आमच्याकडे तेच झाले. मिळालेल्या आकड्यांची बेरीज करून तिच्या निम्म्याचाच शब्द समोर द्यावा. पहिली रक्कम पाठवण्याआधी तीन महिन्यांची रक्कम गंगाजळी म्हणून वेगळी ठेवावी आणि तिला हात लावायचा नाही असे लेखी ठरवावे. समोरच्यांना मुदत स्पष्ट सांगावी : बारा महिने, किंवा सहा महिने, पण आकडा सांगावा. ‘शक्य होईल तोपर्यंत’ असे लिहू नये. आम्ही तेच लिहिले होते, आणि आमच्या ‘शक्य’चा अर्थ त्या बाईंना आठव्या महिन्यात कळला. आणि आजच्या आज, युद्धाच्या पहिल्या आठवड्यातच, पंचांग समोर घेऊन आठवा महिना कोणता येतो ते मोजून पाहावे. फेब्रुवारीत सुरू झालेल्या युद्धाचा आठवा महिना थंडीच्या तोंडावर आला, म्हणजे गरज सर्वांत जास्त होती तेव्हाच आमचा उत्साह सर्वांत कमी होता. हे मोजायला दोन मिनिटे लागली असती.

आरंभशूरपणा हा आपल्या भाषेतला जुना शब्द आहे आणि तो आमच्यावर तंतोतंत बसला. त्याच्या उलट उदाहरणही आपल्याजवळच आहे. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यांतले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस पथकातले काही जण परतल्यावरही तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी कामावर असतानाच वारले. प्रत्येकाने कोटणीस व्हावे असे कुणी म्हणत नाही. पण त्यांची आठवण आजही निघते ती ते चार वर्षांनंतरही तिथे होते म्हणून, हे पैसे पाठवणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

लोकप्रतिनिधीला पत्र लिहावे. एका पत्रात एकच मागणी असावी, आणि ती हो किंवा नाही असे उत्तर देता येईल इतकी नेमकी असावी : पुढच्या ठरावावर अमुक मत द्या, युद्धामुळे अडकलेल्या विद्यार्थ्यांचा व्हिसा वाढवा, निर्वासितांना काम करण्याची परवानगी द्या. ‘शांततेसाठी प्रयत्न करावेत’ अशा पत्राला ‘करत आहोत’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रे जास्त वाचली जातात. आणि हे पत्रही पुन्हा लिहायचे असते. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली तेव्हा राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, इटलीवर निर्बंध लादले, पण युद्ध ज्याच्यावर चालते ते तेलच त्यातून वगळले, आणि जुलै १९३६ मध्ये ते निर्बंध उठवलेही. पहिल्या महिन्यातल्या घोषणा सर्वांनी ऐकल्या. नऊ महिन्यांनी निर्बंध उठवण्याची वेळ आली तेव्हा सरकारांवर तेवढा दबाव उरला नव्हता. पहिले पत्र पाठवतानाच आठव्या महिन्यातल्या पत्राची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

निदर्शनांसाठी परवानगी, मार्ग, पिण्याचे पाणी हे सांगायला नको. फलकांवर आक्रमक देशाच्या सरकारचे आणि सेनापतींचे नाव असावे, लोकांचे नसावे.

हे जरा थांबून सांगायला हवे. आक्रमक देशाचा नागरिक तुमच्या इमारतीत, वर्गात किंवा कार्यालयात असेल तर त्याला कोंडीत पकडू नका, त्याच्याकडून जाहीर निषेध वदवून घेऊ नका. रशियात ४ मार्च २०२२ पासून सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारा कायदा लागू झाला. तुमच्यासमोर गप्प बसलेल्या माणसाची आई तिथे राहत असेल. आमच्या सभेला एक रशियन मुलगी स्वतःहून आली होती. तिला व्यासपीठावर बोलण्याचा आग्रह झाला, ती पुन्हा आली नाही. तिच्याशी शांतपणे बोललो असतो तर त्या वसतिगृहाची पत्रे संगणकाऐवजी तिने वाचून दाखवली असती, आणि कदाचित आठव्या महिन्याआधीच आम्हाला तिथली परिस्थिती कळली असती.

एखाद्या विस्थापित कुटुंबाला घरी ठेवून घेणार असाल तर तोच प्रश्न : किती महिने, आणि त्यानंतर ते कुठे जातील. याचे उत्तर पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर ठरवा. तीन आठवडे प्रेमाने आणि नंतर कपाळावर आठ्या, यापेक्षा सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले तीन महिने कितीतरी बरे. मुलांची शाळा आणि कागदपत्रे पहिल्या आठवड्यात मार्गी लावा, बाकीचे हळूहळू होते.

बहिष्काराबद्दल थोडक्यात. कंपनीची मालकी तपासा, गल्लीतल्या दुकानदाराला त्रास देऊ नका, दोन-तीन वस्तूच निवडा आणि त्या सोडून द्या. लढायला जायचा विचार मनात आला तर तो तिथेच थांबवा. अनेक देशांत परक्या सैन्यात भरती होणे गुन्हा आहे, आणि प्रशिक्षण नसलेला माणूस तिथल्यांवर ओझे होतो. सायबर हल्ल्यांत भाग घेऊ नका. पाठवलेल्या रकमांच्या पावत्या, पत्रव्यवहार, हिशेब एका वहीत ठेवा. युद्धाच्या बातम्या दिवसातून ठरावीक दोन वेळा पाहा आणि रात्री पाहू नका. झोप गेली की माणूस दोन महिन्यांत गटातून गळतो. आमचे सात जण असेच गळले आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक कामाला दोन माणसे असावीत, एक थकला की दुसऱ्याने उचलायचे.

आणि शेवटचे, जे आम्ही केले नाही. पैसे थांबणार असल्याचे कळवणारे पत्र पहिल्या महिन्यातच लिहून ठेवा, पाठवायची वेळ येवो किंवा न येवो. त्यात तारखेची जागा मोकळी सोडा, ‘या तारखेनंतर तीन महिने आमच्याकडून रक्कम येत राहील, त्यानंतर येणार नाही’ एवढेच वाक्य असू द्या आणि ते समोरच्यांच्या भाषेत भाषांतर करून घ्या. गटातल्या दोन माणसांकडे त्याच्या प्रती असाव्यात. जमा झालेली रक्कम सलग दोन महिने ठरलेल्यापेक्षा कमी भरली, की त्या दोघांपैकी कुणीही सभा न बोलावता, कुणाची परवानगी न घेता, ते पत्र त्याच दिवशी पाठवायचे, आणि पुढचे तीन महिने गंगाजळीतून द्यायचे. आमच्या बाबतीत तो दिवस जुलैत आला असता, आणि त्या बाईंना लाकडासाठी दुसरा दाता शोधायला तीन महिने मिळाले असते.