खानापूरच्या जंगलात नि आसपासच्या गडांवर जायचंय? मग सामान असं जमवा

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात राहणाऱ्यांना डोंगर काय लांब नाहीत, रविवारी सकाळी चहा पिऊन निघालं तरी दुपारच्या आत माणूस जांबोटीच्या पुढं जंगलात असतो. पण सामान घ्यायची वेळ आली की बहुतेक जण यूट्यूबवर हिमालयातले व्हिडिओ बघून यादी करतात, आणि ते जॅकेट, ते बूट, तो टेंट आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात काही कामाचा नसतो. कणकुंबी, आमगाव, चोर्ला या भागात पाऊस सुरू झाला की दिवसदिवस थांबत नाही, जमिनीवर जळवा असतात, जांभ्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं. उन्हाळ्यात तीच वाट कोरडी ठक्क आणि पाचोळ्यात गोचीड. त्यामुळं मी सांगतोय ते आपल्या भागाला धरून सांगतोय, आणि ज्या क्रमानं पैसे घालावेत असं मला वाटतं त्याच क्रमानं.

पहिलं काम: पायाचं बघा

बॅग, टेंट सगळं नंतर, आधी बूट. आपल्याकडं घोट्यापर्यंत येणारा, हलका, पाणी आत गेलं तरी लवकर बाहेर टाकणारा बूट चांगला. वॉटरप्रूफ म्हणून महागडा बूट घेतला तर पावसाळ्यात ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरल्यावर पाणी वरनं आत जातंच, आणि मग ते बाहेर निघत नाही, दिवसभर पाय भिजत राहतो. त्यापेक्षा साधा कापडी-जाळीचा ट्रेकिंग बूट बरा, फक्त तळ बघून घ्या. तळाच्या खाचा खोल पाहिजेत आणि रबर मऊ पाहिजे, नखानं दाबलं तर थोडं आत गेलं पाहिजे. टणक प्लास्टिकसारखा तळ ओल्या जांभ्यावर सरळ घसरतो.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजे घालूनच माप बघा, पुढं अंगठ्याला अर्धा इंच जागा राहिली पाहिजे, नाहीतर गड उतरताना नखं काळी पडतात. नवीन बूट आणल्यावर मी आधी मोच्याकडं नेऊन सोलला चारी बाजूनं शिलाई मारून घेतो, थोडक्या पैशात काम होतं आणि नुसत्या गमवर चिकटवलेला सोल चिखलात निघून यायची भीती राहत नाही. आणि बूट माळ्यावर दोन-तीन वर्षं पडून असतील तर निघायच्या आदल्या आठवड्यात काढून हातानं मधोमध वाकवून बघा, काही बुटांच्या सोलचा आतला फोम नुसता ठेवूनसुद्धा कुजतो आणि वाटेत तुकडे पडायला लागतात.

नवीन बूट घालून थेट लांबच्या ट्रेकला जायचं नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर दोन-तीनदा चढून-उतरून या, वरपर्यंत रस्ता आहे, त्रास झाला तरी गाडीवर बसून घरी येता येतं.

जळवांचे मोजे शिवून घ्या

हे माझं सगळ्यात आवडतं सामान, आणि हे दुकानात शोधत बसायची गरज नाही. जळू साध्या लोकरी किंवा नायलॉनच्या मोज्याच्या विणीतनं आरामात आत शिरते. तिला अडवायला घट्ट विणीचं सुती कापड लागतं, आणि त्याला आपला मांजरपाट उत्तम.

करायचं असं. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कापडाच्या दुकानातनं मीटर-सव्वा मीटर मांजरपाट घ्या. आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि वाळवा, कारण कोरा मांजरपाट धुतल्यावर आटतो आणि मग मोजा पायात जात नाही. शाळेत घालायचे ते गुडघ्यापर्यंतचे मोजे असतील तर एक मोजा कापडावर आडवा ठेवून पेन्सिलीनं आकार काढा, सगळीकडनं तीन बोटं जास्त सोडा, कारण या कापडाला ताण नसतो आणि तुमची टाच त्या घोट्याच्या वळणातनं आत गेली पाहिजे. टेलरला सांगा डबल शिलाई घाल, आणि शिलाईची कड बाहेरच्या बाजूला ठेव. कड आत राहिली तर तीन तासांत बोटांच्या कडेला फोड येतो. वर गुडघ्याच्या खाली नाडी ओवायला नेफा करून घ्या. घालताना आधी साधा मोजा, मग पॅन्टचा पाय आत खोचून त्यावर हा मांजरपाटाचा, नाडी घट्ट, मग बूट. रंग पांढराच ठेवा, वर चढणारी जळू लगेच दिसते.

सोबत एका फडक्यात मीठ आणि थोडी तंबाखू बांधून पुरचुंडी करा आणि ती काठीच्या टोकाला बांधा. पावसात ती ओली होते आणि तेच पाहिजे, मोज्यावर चढलेल्या जळवेला नुसती लावली की ती सुटून पडते. कातडीला चिकटलेली असेल तर नखानं कडेनं सरकवून काढा, काडीनं चटका देऊ नका. काढल्यावर रक्त बराच वेळ येत राहतं कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, घाबरायचं कारण नाही, स्वच्छ कापडानं दाबून धरा.

डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत जळवा नसतात पण गोचीड असतात, आणि हा विषय मी हलक्यात घेत नाही. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा सापडला, तो आता आपल्या बाजूच्या दोडामार्ग, सत्तरी, खानापूर भागापर्यंत आलेला आहे आणि तो गोचिडीतनं पसरतो. म्हणून उन्हाळ्यातही हेच मोजे घाला, पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट घाला, वाळक्या पाल्यावर थेट बसू नका, बसायला प्लास्टिकचा तुकडा ठेवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, काखेत, गुडघ्यामागं, कानामागं नीट बघणं, कपडे वेगळे धुणं. आणि नंतर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगा.

पावसाचं सामान

जंगलातल्या वाटेवर छत्रीसारखं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. रेनकोट घालून चढ चढलं की आतनं घामानं तेवढंच भिजायला होतं. छत्री मोठी, काळी, लाकडी दांड्याची घ्या, काठी म्हणूनही चालते. पण चोर्ल्याच्या सड्यावर वारा सुटला की छत्री उलटी होते, तिथं पोंचो, म्हणजे डोक्यावरनं घालायचा सैल रेनकोट, किंवा आपले शेतकरी रोप लावताना घालतात ती प्लास्टिकची खोळ. खोळ पाठीवरच्या बॅगेवरनं सुद्धा येते आणि हात मोकळे राहतात, किंमत तर काहीच नाही.

बॅगेच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका, पाठीकडनं पाणी आत जातंच. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, रविवार पेठेत मिळते, ती बॅगेच्या आत अस्तरासारखी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन रबर. रात्री घालायचे कपडे पुन्हा वेगळ्या पिशवीत. ते कपडे काही झालं तरी दिवसा वापरायचे नाहीत. जीन्स नको, भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही.

बॅग आणि ती भरायची पद्धत

एका दिवसाला २०-२५ लिटर, मुक्कामाला ४०-५० लिटर. याच्यापेक्षा मोठी घेतली की रिकामी जागा दिसते आणि माणूस नको ते भरतो. वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. कमरेचा पट्टा असलेलीच बॅग घ्या आणि तो पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, तो आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे.

झोपायचं सामान तळाला, जड वस्तू म्हणजे पाणी, शिधा, भांडी पाठीला चिकटून मधल्या भागात, हलकं बाहेरच्या बाजूला, आणि पोंचो, टॉर्च, औषधं सगळ्यात वर. वरच्या कप्प्यात काय आहे ते बरोबरच्या एका माणसाला तरी माहीत असू दे.

उजेड

हेडटॉर्च पाहिजेच, मोबाईलची टॉर्च चालत नाही कारण हात अडकतो आणि बॅटरी संपली की फोनही गेला. उजेडाचं माप ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं, २००-३०० ल्युमेन पुष्कळ झालं. जास्तीचे सेल किंवा छोटी पॉवर बँक, कोरड्या डबीत. खानापूरच्या जंगलात अस्वल आहे, गवा आहे, हत्ती येतात, त्यामुळं टॉर्च असली तरी अंधारात चालायचा बेत करू नका, सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं.

झोपायचं

आधी परवानगीचं. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही आणि टेंट टाकायचा तर नाहीच. पावसाळ्यात धबधब्यांवरही बऱ्याचदा बंदी असते, निघायच्या आधी खानापूरला चौकशी करा. चंदगडकडच्या कलानंदीगड, पारगड अशा ठिकाणी जाताना पायथ्याच्या गावात जे काका-मामा पहिले दिसतील त्यांना विचारा, देवळाच्या ओसरीवर झोपायची सोय बहुतेक होते, टेंटची गरजच पडत नाही.

टेंट घेणारच असाल तर डबल लेयरचा घ्या, बाहेरच्या कापडावर वॉटर कॉलम, म्हणजे कापड किती पाणी अडवतं त्याचं माप, २००० मिलिमीटरच्या वर पाहिजे, तळाला ३००० असेल तर अजून चांगलं. आमच्या पद्धतीनं ताडपत्री, चार मिलिमीटरची नायलॉन दोरी आणि खाली जाड प्लास्टिक एवढ्यातही छान होतं. दोरीला दोन्ही टोकांच्या आत एकेक चिंधी लोंबती बांधून ठेवा, पाऊस दोरीवरनं वाहत येऊन ताडपत्रीखाली गळतो तो चिंधीवरनंच खाली उतरतो.

स्लीपिंग बॅग १० अंश कम्फर्टची, म्हणजे तेवढ्या थंडीत आरामात झोप लागेल अशी, पुष्कळ, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला याहून जास्त लागत नाही. पैसे वाचवायचे तर स्लीपिंग बॅगेत वाचवा, खालच्या मॅटमध्ये वाचवू नका, थंडी जमिनीतनं जास्त येते. धनगरी घोंगडं घरात असेल तर तेच न्या, जड आहे पण ओलं झालं तरी ऊब सोडत नाही.

खाणं, पाणी, औषध

कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, चार दिवस काही होत नाही. एनर्जी बारच्या ऐवजी गोकाकचं करदंट, डिंक, सुकामेवा, गूळ सगळं त्यात आहे. पाणी माणशी तीन लिटर, ओढ्याचं घ्यायचं तर गाळून उकळून, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून. ओआरएस, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, तापाची गोळी, आपली रोजची औषधं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय न हलवता माणसाला लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्यायचं. कणकुंबीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, ११२ नंबर सगळ्यांना पाठ असू दे, आणि कुठं जातोय, कधी परत येणार हे घरी कागदावर लिहून ठेवा.

क्लाइंबिंगचं सामान शेवटी, आणि शिकल्यावरच

आपल्याला बदामी जवळ आहे, बेळगावहून गाडीनं साडेतीन-चार तास, लाल वालुकाश्म आणि बोल्ट मारलेले रूट, म्हणजे दोर अडकवायला खडकात खिळे पक्के बसवलेल्या चढाईच्या वाटा, देशभरातनं लोक तिथं चढायला येतात. इथं मात्र घरगुती जुगाड अजिबात नाही. ट्रकला, बैलगाडीला बांधायची दोरी कितीही मजबूत दिसू दे, ती चढाईला नाही. चढताना पडलं तर दोरीनं ताणून झटका खाऊन घेतला पाहिजे, ती डायनॅमिक दोरी वेगळी असते, साधारण साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर जाड, ६० मीटर लांब. हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा, हेल्मेट, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी, सगळ्यावर सीई किंवा यूआयएए या सुरक्षिततेच्या प्रमाणांचा शिक्का बघा, कॅराबिनरच्या अंगावर तो किती ताण सोसतो त्याचा किलोन्यूटनमधला (kN) आकडा कोरलेला असतो, लांबीच्या दिशेनं तो २० किंवा त्याच्या वर पाहिजे. किल्लीच्या जुडग्याला लावायचे रंगीत कॅराबिनर यात धरू नका.

पहिल्यांदा फक्त चढाईचे शूज आणि हेल्मेट स्वतःचं घ्या, बाकी शिकवणाऱ्यांकडं असतं. शूज बोटं टेकतील इतके घट्ट, पण कळ येईल इतके नाही. हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर आवळल्यावर खाली ओढून बघा, सरकला तर माप चुकलं. जुनी दोरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती कुठं घासली, तिच्यावर काय सांडलं हे बघून कळत नाही. आणि पाऊस पडून गेल्यावर वालुकाश्म पूर्ण वाळेपर्यंत चढू नका, ओला असताना तो ठिसूळ होतो आणि धरलेली पकड हातात तुटून येते.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी बॅग पूर्ण रिकामी करा, कितीही कंटाळा आला तरी. टेंट ओला गुंडाळून ठेवला की बुरशी येते आणि आतला थर चिकट होऊन सोलून निघतो, जुलैत बाहेर वाळत नाही म्हणून घरात दोरी बांधून पंख्याखाली पसरा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, चुलीजवळ किंवा हिटरपुढं ठेवू नका, गम सुटतो. क्लाइंबिंगची दोरी साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, मग सगळी लांबी बोटांतनं ओढत तपासा, कुठं मऊ, चपटं किंवा आतला पांढरा गाभा लागला तर ती दोरी तिथंच संपली. मांजरपाटाचे मोजे उलटे करून धुवा, नाडी तपासा, आणि बुटाबरोबरच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.