सुट्टीला गावी निघताना घर कुणावर सोडाल?

सातारा, सांगली, बीड, नाशिककडून नोकरीसाठी यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरच्या खेड्यांत आलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, नर्सताई यांच्यासाठी हे लिहितोय. मी मूळचा माण तालुक्यातला. २००७ साली राळेगाव तालुक्यातल्या एका गावी शाळेवर रुजू झालो आणि इथलाच होऊन गेलो. दरवर्षी नवीन माणसं येतात. खोली बघतात, भाडं ठरवतात, नळाला पाणी कधी येतं ते विचारतात. दिवाळी आली की दाराला कुलूप लावून निघतात. मागे घराचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. खेड्यात कसली चोरी, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

२००८ च्या दिवाळीला आम्ही सोळा दिवस गावी होतो. परत आलो तेव्हा पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेलो तर झोपायच्या खोलीत कूलर आडवा पडलेला, त्याच्या ताट्या सुटून गवत फरशीभर झालेलं. कूलर बसवायचा म्हणून घरमालकांनी त्या खिडकीचे गज कापले होते. चोरानं बाहेरून कूलर आत ढकलला आणि सरळ आत आला. बायकोच्या पाटल्या, मुलाच्या बारशाची चांदीची वाटी आणि भरलेलं सिलिंडर गेलं. वाटीचं तिला अजून वाईट वाटतं.

शेजारचे काकाजी म्हणाले, "एका रात्री आवाज आला होता जी. मले वाटलं, तुमच्या शाळेतले सर येऊन राह्यले असन." शाळेतल्या सरांना वाटलं होतं, शेजारी बघताहेत. आम्ही जाणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं. एसटीच्या थांब्यावर बॅगा घेऊन उभे होतो, येणारा-जाणारा विचारत होता. पण लक्ष ठेवायचं काम कुणा एकाचं नव्हतं.

नवीन माणूस इथं दोनपैकी एक चूक करतो. कुणावर भरवसा नाही म्हणून गुपचूप निघतो, नाहीतर भेटेल त्याला "जरा लक्ष ठेवा" सांगत सुटतो. गुपचूप जाणं खेड्यात जमत नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतंच. आणि सगळ्यांना सांगितलं की सगळे अगदी मनापासून म्हणतात, "कायले काळजी करता सर, आमी हावो ना!" तेवढ्यावर निघू नका. एका घरी जा, बसा, चहा घ्या. घरातल्या एका माणसाच्या हातात किल्ली द्या, जायची-यायची तारीख सांगा आणि काय काय करायचं ते नीट सांगा. दुसऱ्या कुणाकडे किल्ली ठेवू नका. तुळशीवृंदावनाखाली, चौकटीवर, जुन्या चपलेत तर नकोच.

ते घर निवडताना दिवसाचा विचार करा. शहरातून आलेल्याला रात्रीची भीती वाटते, पण इथं मोकळं रान असतं ते दिवसा. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून कापसाची वेचणी सुरू झाली की बायामाणसं सकाळीच वावरात जातात आणि दिवस कलल्यावर परततात. मधल्या वेळात गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री, एवढंच. म्हणून ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर ओसरीवर बसतात, ते घर तुमच्यासाठी सोन्यासारखं. आमच्या काकाजींच्या आई गुडघ्यांमुळे कुठं जात नाहीत. गेली कितीतरी वर्षं आमची किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत असते.

त्यांना आम्ही तीनच कामं सांगतो. सुनेनं आपल्या अंगणाबरोबर आमच्याही दारात सडा टाकावा, कारण चार दिवस सडा-रांगोळी नसलेलं अंगण लांबूनच ओळखू येतं. सांजेला ओसरीचा दिवा लावून सकाळी बंद करावा. दिवा चालूच ठेवून गेलात तर भर उन्हात जळणारा बल्बच घर रिकामं आहे म्हणून सांगतो. आणि रोज एकदा घरामागून फेरी मारावी. एवढं पुरतं. त्याची परतफेडही ठरलेली आहे. ते मे महिन्यात लग्नांना किंवा माहूर, शेगावला जातात, तेव्हा त्यांच्या ओसरीवर मी झोपतो.

आता घराकडे बघा. कूलरची खिडकी सगळ्यात आधी. इथं कूलर वर्षभर खिडकीतच राहतो, त्यामुळे गज नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. घरमालकांशी बोला आणि कूलरच्या बाहेरून लोखंडी जाळीचा पिंजरा भिंतीत पक्का बसवून घ्या. मालक तयार नसतील तर स्वतःच्या पैशानं करा, पण करा. निदान जाताना तरी कूलर आत ओढून खिडकी आतून बंद करा.

दुसरं म्हणजे कोयंडा. दोन हजारांचं कुलूप घ्यायचं आणि कोयंडा मात्र जुन्या लाकडात चार स्क्रूंवर, असं बहुतेक घरांत दिसतं. कुलूप कुणी तोडत बसत नाही. सब्बल, म्हणजे आपली पहार, इथं प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते, तिच्या एका हिसक्यात कोयंडा स्क्रूंसकट उपटतो. स्क्रू काढून फळीच्या आरपार बोल्ट टाका आणि नट आतल्या बाजूला येऊ द्या. चौकटीला वाळवी लागली असेल तर आधी ती बदलायला सांगा. मागच्या दाराला आतून आडवा अडसर लावा. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, असेल तर वरून दोन कवेलू सरकवले की आत उतरता येतं, हे ध्यानात घ्या आणि किमती वस्तू त्या घरात ठेवूच नका.

दागिने घरी ठेवायचे नाहीत, हे मी आता हट्टानं सांगतो. तांदळाचा डबा, गादी, देव्हाऱ्याखालचा कप्पा, सगळं चोराला पाठ असतं. तालुक्याच्या ठिकाणी बँकेचा लॉकर मिळतो का बघा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेतच चोरी झाली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीएवढी जबाबदारी बँकेवर येते. उघडं, रिकामं कपाट मात्र तसंच उघडं ठेवा. कुलूप दिसलं की ते फोडणार, आणि कपाट तुमचंच आहे.

कॅमेऱ्याबद्दल सगळे विचारतात. बसवा, पण त्याच्या जोरावर निर्धास्त राहू नका. वादळात डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की गाव दोन-दोन दिवस अंधारात असतं.

उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यात लांब. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणजे घर दीड-दोन महिने बंद. त्या दिवसांत शेजारीही उकाड्यानं गच्चीवर झोपलेले असतात, खाली काय चाललंय ते कळत नाही. निघण्याआधी पोलीस पाटलांना भेटून तारखा सांगा. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमलेला हा माणूस गावातच राहतो. ठाण्यात बीट अंमलदारांनाही सांगून ठेवा. आणि गावी पोचल्यावर लगेच फोटोंचा स्टेटस टाकू नका.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा चार जणांनी लगेच पारधी बेड्याचं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीचं, नाव घेतलं आणि मीही मान डोलावली. पुरावा काहीच नव्हता, चोर शेवटपर्यंत सापडला नाही. त्याच बेड्यावरची पोरं माझ्या वर्गात होती. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं या लोकांवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, तरी लोकांच्या तोंडून शिक्का गेला नाही. तुम्ही नवीन आहात, हे ऐकाल. त्यात आपला आवाज मिसळू नका.

परत आल्यावर कुलूप काढण्याआधी घराला एक फेरी मारा. काही फोडलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका, कशालाही हात लावू नका. ठसे पुसले जातात. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा. तुम्ही साताऱ्यात असताना शेजाऱ्यांचा फोन आला तरी हातपाय गाळू नका. महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्ध्याला पोचायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, पण तक्रार तोवर थांबवायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. दागिन्यांचे फोटो, पावत्या, टीव्ही-लॅपटॉपचे क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये ठेवलेत, तर काय गेलं ते तिथल्या तिथं सांगता येतं. माझ्याकडे त्या वाटीचा फोटोसुद्धा नव्हता.